एका चिलमीएवढा शोध

गळ्याशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितोय. म्हणजे, दोन प्रसंगांच्या वेळी मी रजेवर होतो. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांना नीट सांगता येत नव्हतं म्हणून मी जरा दुरुस्त केलं, एवढंच. तेव्हा सगळं खरं. एक जागा सोडून. ती कुठली, ते शेवटी कबूल करीन.

धारूरच्या डोंगराच्या कडेला एक सरकारी शेतकी फार्म होतं, आणि मी तिथला मुनशी. अशा जागी किस्से साठतात ते उकिरड्यासारखे. रोज थोडं थोडं पडत राहतं, कुणाचं लक्ष जात नाही, आणि एक दिवस बघावं तर डोक्याएवढा ढीग! माझ्या ढिगात सगळ्यात जास्त माल एकाच माणसाचा आहे. धोंडिबा मुकादम.

धोंडिबाला अक्षरओळख नव्हती. अंगठा लावायचा, तोही ऐटीत. त्याला एक खोड होती. हातून काही चुकलं की लपवायचं नाही, पेरून बघायचं.

*

त्या काळी आमच्या भागात ज्वारीवर काणी लई पडायची. कणीस वरून चांगलं दिसतं, आणि चोळून बघावं तर दाण्याच्या जागी काळी भुकटी. फार्मचे मुख्य, ज्यांना आम्ही बडेसाहेब म्हणायचो, ते हैदराबादहून औषधांच्या बाटल्या मागवून थकले होते.

फार्मवर मेंढ्याही होत्या. त्यांचे खूर सडू नयेत म्हणून एका दगडी डोणीत मोरचुदाचं निळं पाणी करून ठेवायचे आणि मेंढ्यांना त्यातून चालवायचे. एक दिवस धोंडिबा बियाण्याचं पोतं खांद्यावरून नेत होता. शिवण उसवली आणि दोन पायली ज्वारी गेली डोणीत!

दुसरा असता तर आधी इकडंतिकडं बघितलं असतं. धोंडिबा डोणीच्या काठावर बसला आणि त्यानं चिलीम पेटवली. साहेबाला काय सांगायचं याचा विचार चिलीम संपेपर्यंत केला. मग ज्वारी उपसली, लिंबाच्या सावलीला वाळवली आणि बांधाकडच्या पट्ट्यात पेरून टाकली.

कणसं आली. सगळ्या रानात काणी, आणि त्या पट्ट्यात औषधालासुद्धा नाही!

बडेसाहेब धावत आले. "ये क्या किया, मुकादम?"

"चूक केली, साहेब."

"कितनी देर भिगोया?"

"एक चिलीम वढून व्हईस्तवर."

पुढं दोन वर्षं तो हेच करत राहिला. अर्धी चिलीम भिजवून बघितलं, काणी उरली. दोन चिलमी भिजवून बघितलं, निम्मं बी मेलं. एक चिलीम, बरोबर! हैदराबादेत याला प्रयोग म्हणतात. धोंडिबाची बायको म्हणायची, "तमाखूला बहाणा घावला मेल्याला!"

*

आता उपाय सापडला म्हणजे लोक घेतील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी बाजारात उभे राहिलेले दिसत नाही.

धोंडिबा धारूरच्या बाजारात निळसर ज्वारीची पाटी घेऊन तीन आठवडे बसला. लोक यायचे, बघायचे, आणि लांब सरकायचे.

"कावून निळी हाय बे ही?"

"काणी पडत न्हाई हिच्यावर."

"खाऊन मरायची का?"

"खायाची न्हाई, पेरायची!"

"पेरून मरायची का?"

चौथ्या आठवड्याला परळीचा एक पैलवान बाजारात आला. वैजनाथाच्या जत्रेत लागोपाठ कुस्त्या मारलेला गडी. त्याच्या मागं पन्नास माणसं नुसती त्याची मान बघत चालायची. तो पाटीपाशी थांबला, मूठभर ज्वारी उचलली, वास घेतला, आणि सहज म्हणाला, "माल बरा दिसतोय."

पाटी तासाभरात रिकामी!

मी धोंडिबाला म्हटलं, "अरे, पैलवानाला शेतीतलं काय कळतं? त्यानं जन्मात औत धरलेलं नाही."

"मुनशीजी," धोंडिबा म्हणाला, "तीन आठवडं म्या सांगितलं, तवा कुनी इचारलं न्हाई. ह्याच्या मानंला मात्र समद्यांनी इचारलं."

पुढच्या बाजाराला लोक पैलवानाला मुतखड्याचं औषध विचारत होते. आणि तो सांगत होता!

*

मग रिपोर्ट लिहायची वेळ आली. मी लिहिलं, "धोंडिबा मुकादम यांनी शोधलेला उपाय." बडेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऐसा नक्को लिखो, मुनशी. मुकादम का नाम देखे तो वरच्या दफ्तरात कोण पढेगा?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी 'मी, फार्मवरच्या एका अनुभवी माणसाच्या मदतीनं' असं करून घेतलं. कागद जिल्ह्याला गेला. तिथं 'माझ्या देखरेखीखाली' झालं, आणि अनुभवी माणसाचा 'मजूर' झाला. कागद हैदराबादला गेला. तिथं वर आणखी दोन नावं चढली, प्रत्येकामागं डिग्री. दीड वर्षानं कागद छापून परत आला तेव्हा त्यावर चार नावं होती, आणि खाली हुकूम होता : "मजुरांनी आपल्या अडाणी पद्धती सोडून सदर शास्त्रीय उपायाचा अवलंब करावा."

मी तो धोंडिबाला वाचून दाखवला. त्यानं दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी मी माझी पद्धत सोडून माझीच पद्धत धरायची?"

"असंच दिसतंय."

"धरतो की. आपलं काय जातंय!" आणि तो हसला. मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, "येळ किती लिव्हलीय?"

मी पाहिलं. सव्वा तास लिहिली होती.

झालं होतं असं. हैदराबादच्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी 'एक चिलीम' एवढं वाचलं. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं, चिलीम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं! त्यांनी हुक्क्यावरची चिलीम भरायला सांगितली, समोर घड्याळ ठेवलं, लोडाला टेकले, आणि शास्त्रीय पद्धतीनं ती चिलीम शेवटापर्यंत ओढली. मध्ये दोन पाहुणे आले, त्यांच्याशी गप्पा झाल्या, पान झालं. सव्वा तास! धोंडिबाची चिलीम दहा मिनिटांची. बांधावर उभ्यानं ओढायची, आणि त्यातही दोघे वाटेकरी.

सव्वा तास मोरचुदात भिजलेली ज्वारी म्हणजे बियाणं नव्हे. ते मढं!

*

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. सरकारी कागद कोण वाचतो? पण मध्ये दानशूरपणा आला.

उमापूरकडं ज्यांची बरीच जमीन होती असे एक जागीरदार होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की शास्त्राला आश्रय दिला की नाव राहतं. त्यांनी या उपायाचं पुस्तक स्वखर्चानं छापून द्यायचं कबूल केलं. अट एकच, प्रस्तावनेत घराण्याची थोडी माहिती यावी.

पुस्तक आलं. सोळा पानं. पहिल्या पानावर जागीरदारांची तसबीर, हातात तलवार. पुढं तेरा पानं घराण्याची थोडी माहिती. पंधराव्या पानावर आभार. सोळाव्या पानावर काणी.

आणि त्या एका पानात ती एक चूक.

जागीरदार भलतेच खूश. त्यांनी उमापुरात घरटी एक पुस्तक वाटलं आणि जाहीर केलं की हस्ताच्या पेरणीला सगळ्यांनी बियाणं या पुस्तकाबरहुकूम भिजवायचं. न भिजवील त्याला कचेरीत उभं करायचं.

हे ऐकल्यावर धोंडिबाच्या तोंडाचं पाणी पळालं. त्याची बहीण उमापूरला दिलेली होती. पण तो बहिणीचं नावसुद्धा काढत नव्हता. "गावच्या गाव मोकळं राहील, मुनशीजी," एवढंच म्हणत होता. "अन् मारलं कुनी? म्या! ती पोत्याची शिवन म्या बघितली न्हाई."

*

तेवढ्यात पद्धत शिकवायला हैदराबादहून डिग्रीवाले साहेब आले. कुणाला शिकवायला? धोंडिबाला!

मेज मांडलं, घड्याळ ठेवलं, पुस्तक सोळाव्या पानावर उघडलं. ज्वारी टोपल्यात घालून निळ्या पाण्यात बुडवली. धोंडिबा समोर उकिडवा बसला आणि त्यानं चिलीम पेटवली. ती संपली तसा तो म्हणाला, "साहेब, आता काढा."

"किताबमधी सव्वा घंटा आहे."

"साहेब, पाया पडतो. काढा आता. बी मरतंय."

"तुम किताब पढे?"

"न्हाई, साहेब."

"मग बसा."

धोंडिबा बसला. सव्वा तास एकटक त्या टोपल्याकडं बघत बसला. घरातलं कुणी आजारी असावं तसा.

ते बी वाफ्यात टाकलं. आठ दिवस झाले, दहा झाले, कोंब नाही. साहेबांनी रिपोर्ट लिहिला, "जमीन निकृष्ट." दुसऱ्या वाफ्यात टाकलं. "पाणी खारट." तिसऱ्यात टाकलं. "मजुरांचा हलगर्जीपणा." जमीन, पाणी, माणसं, सगळं तपासून झालं. पुस्तक तेवढं तपासायचं राहिलं!

त्या रिपोर्टवर साहेबांना बढती मिळाली.

*

धोंडिबानं तीनदा दुरुस्तीचा अर्ज लिहवून घेतला, माझ्याच हातून. तिन्ही वेळा खाली ऐटीत अंगठा. पोच एकाचीही आली नाही.

मग आषाढात तो चालत उमापूरला गेला. गेवराईची वाट, चिखल, भरलेले ओढे. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला. चावडीवर पाटलासमोर उभा राहून त्यानं सांगितलं की पुस्तकात वेळ चुकलीय, एक चिलीमभरच भिजवा.

पाटलानं पुस्तक पुढं केलं. "हे छापलेलं खोटं, अन् तू खरा व्हय रं?"

"व्हय."

चावडी हसली. बहिणीचा नवराही हसला. पाटील म्हणाले, "धोंडिबा, तुझ्यासंगं कोन हाय? ह्याच्यावर चार साहेबांची नावं हायेत. फोटूत तलवार हाय. तुझ्याकडं काय हाय?"

"चिलीम हाय," धोंडिबा म्हणाला.

परत आला तेव्हा तळपाय फुटले होते. बडेसाहेबांकडं गेला आणि दारातच बसला. "पुस्तक बदला, साहेब. तवर उठत न्हाई."

बडेसाहेब खरंच कळवळले. "धोंडिबा, तू सच्चा है, मेरेकू मालूम. लेकिन हैदराबादचं छापलेलं मी काटू? नोकरी जाईल! उससे बडे आदमी का हवाला हो तो लाव. बाहेरका, विलायतका. मैं आजच भेजता."

आम्ही दोघं बाहेर आलो. धोंडिबा जमिनीकडं बघत होता. आणि मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "मोठा माणूस पाहिजे ना? मग करू एक!"

*

करायला कितीसा वेळ लागतो? नाव तेवढं पाहिजे होतं. दफ्तरात खुंटीला जर्मनीचा कंदील टांगलेला होता. काचेवर कंपनीचं नाव उठवलेलं. मागं 'डॉक्टर' आणि 'प्रोफेसर' लावल्यावर असं भारदस्त झालं की मीच खुर्चीवरून उठलो! ते नाव मी इथं देत नाही. कंपनी अजून कंदील विकते.

पत्र इंग्रजीत लिहिलं. माझं इंग्रजी तार वाचण्यापुरतं. पण जर्मन माणसाचं इंग्रजी कच्चंच असणार, तेव्हा जितक्या चुका झाल्या तितकं पत्र अस्सल वाटू लागलं. मजकूर असा, की आपल्या थोर पुस्तकाची कीर्ती आमच्या देशात पोचली. सर्व विद्वान थक्क झाले. फक्त भिजवण्याची वेळ माझ्या जन्मभराच्या अभ्यासाप्रमाणे दहा मिनिटं असावी. बाकी आपण थोर आहातच.

'थोर' दोनदा घालायला विसरलो नाही.

बडेसाहेबांनी पत्र वाचलं. पाकीट कुठंय, तिकीट कुठंय, काही विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलं, धोंडिबाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हमारा नाम जर्मनी तक गया, मुनशी!" आणि त्याच टपालानं पत्र हैदराबादला लावून दिलं.

तीन अर्जांना पोच नव्हती. या पत्राला वीस दिवसांत छापील उत्तर! पुस्तकावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच आला : "जर्मनीचे जगद्विख्यात प्रोफेसर (इथं कंदिलाचं नाव) यांच्या सूचनेवरून वेळ दहा मिनिटं करण्यात येत आहे."

गठ्ठा टपालानं उमापूरला पाठवायचा होता. धोंडिबानं तो कुणाला हात लावू दिला नाही. डोक्याला बांधला, खळीचं मडकं हातात घेतलं आणि पुन्हा तीन दिवस चालत गेला. घरोघर जाऊन, एकेक पुस्तक उघडून, स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली. वाचता येत नव्हतं ना, म्हणून सोळावं पान कुठलं ते मोजून काढायचा. जिथं घड्याळ नव्हतं, म्हणजे सगळीकडंच, तिथं डोणीपाशी बसून चिलीम ओढून दाखवायचा. चार दिवस त्याला खोकला आवरेना!

हस्त लागला. पेरण्या झाल्या. आठव्या दिवशी उमापूरचं रान हिरवं दिसायला लागलं, तेव्हा कुठं तो परत निघाला.

*

पौषात बहिणीनं हुरड्याला बोलावलं. मीही गेलो होतो, धोंडिबाबरोबर. कणसं अशी टपोरी आणि पांढरीशुभ्र, की काणी शोधून सापडेना. आगटीभोवती पाटील बसले होते. त्यांनी गरम हुरडा धोंडिबाच्या हातावर ठेवला आणि त्याला समजावून सांगू लागले :

"काय हाय धोंडिबा, शोध लावायला डोस्कं लागतं. त्यो जर्मनीचा मानूस. तिकडं बसून त्याला हितली काणी दिसली! अन् तू आलतास सांगायला, आपलं कायबाय."

"चिलीमभर म्हनलो व्हतो म्या."

"त्येच म्हंतो मी! चिलीमभर! त्यानं कसं, धा मिनटं सांगितलं."

मी तोंड उघडणार, तर धोंडिबानं माझा गुडघा दाबला. "खरं हाय, पाटील," म्हणाला. "हुरडा लई ग्वाड झालाय. आनखी घ्या."

*

शेवटचा किस्सा.

दोनेक वर्षांनी विलायतेहून शिकून आलेले एक नवे तपासनीस साहेब फार्मवर आले. कोट, टोपी, हातात काठी. बडेसाहेबांनी ती चिठ्ठी काच लावून दफ्तरात टांगली होती. पाहुणे तिच्यापुढं थांबले आणि त्यांनी प्रोफेसरांचं नाव वाचलं.

"हे?" ते म्हणाले. "हे तर माझे गुरू! दोन वर्षं यांच्या हाताखाली होतो मी."

माझ्या हातातली दौत लवंडली.

बडेसाहेबांना हर्ष झाला. "कैसे है मिजाज से?"

"फार कडक. पण मनानं मेण. पांढरी दाढी, ही एवढी. मला मुलासारखं मानायचे."

धोंडिबा दारात निळ्या पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्यानं बादली खाली ठेवली.

"आता बरे हायेत का त्ये, साहेब?"

तपासनीस साहेबांनी धोंडिबाकडं पाहिलं, मग चिठ्ठीकडं, आणि टोपी काढली. "नाहीत. गेल्या थंडीत वारले. मी उशाशीच होतो."

बडेसाहेबांनी डोळे पुसले. धोंडिबानं मुंडासं उतरवलं, छातीशी धरलं, थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "साहेब, आज काम बंद ठिवावं का?"

आणि फार्म अर्धा दिवस बंद राहिलं!

*

आता कबुली. प्रोफेसर खोटा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो धरायचा नाही. पैलवान खरा, सव्वा तास खरा, बडेसाहेबांचे अश्रू तर डोळ्यांनी पाहिले. खोटी एकच जागा. साहेबांच्या दारातून आम्ही बाहेर आलो, धोंडिबा जमिनीकडं बघत होता आणि मला एकदम सुचलं, असं मी वर लिहिलंय.

मला नाही सुचलं. मी घाबरून गप्प उभा होतो. "मोठा मानूस पायजे ना? मंग करा की एक," असं धोंडिबा म्हणाला होता.